स्कायलॅबच्या सालचा मुलगा

‘साहेब, माझ्या मुलाला सोडा’ म्हणत ठाण्यात येणाऱ्या आया मी नोकरीभर पाहिल्या. ‘हा माझा मुलगा म्हणवतो, याला आत टाका’ म्हणून दारात ठाण मांडून बसलेली आई मात्र एकदाच पाहिली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती घटना काही मनातून पुसली गेली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या तपासाचा मला आजही अभिमान वाटतो.

पोंभुर्णा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. दोन हजार साल उलटून गेलं होतं. पहिली खबर एका पोलीस पाटलाकडून आली. वैनगंगेकाठच्या गावांतून एक अनोळखी तरुण हिंडतो आहे आणि ‘मार्कंड्याच्या जत्रेत कुणाचा मुलगा हरवला होता का’ असं विचारतो आहे. मी म्हटलं, नजर ठेवा. अशी चौकशी एक तर हरवलेला माणूस करतो, नाही तर हरवलेल्याच्या नावावर जेवणारा. आमच्या वाट्याला दुसऱ्या जातीचेच जास्त येतात.

पुढच्याच आठवड्यात गावकरी त्याला घेऊन ठाण्यात हजर झाले. पुढे पन्नाशीकडे झुकलेली एक विधवा बाई होती.

“सायेब, हा माह्या घरी येऊन मले आई म्हनून राह्यला. याले आत टाका.”

तिचा एकुलता एक मुलगा पाच वर्षांचा असताना महाशिवरात्रीला मार्कंडा या देवस्थानच्या जत्रेत हरवला, तो सापडला नव्हता. काही वर्षांपूर्वी असाच एक जण ‘मी तुझा मुलगा’ म्हणत आला. तिनं त्याला पोटाशी धरलं, महिनाभर जेवू घातलं आणि एके दिवशी तो तिच्या शेळ्या विकून पसार झाला.

“तवा साऱ्या गावानं हासून घेतलं,” ती म्हणाली. “आता कोनीबी येऊ दे, माहा पोरगा मेला.”

बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तक्रार लिहून तिचा अंगठा घेतला. तोतयेगिरी आणि फसवणूक, सरळ गुन्हा होता. सिद्ध झाला असता तर तो तरुण तुरुंगात गेला असता. आणि तो खरंच तिचा मुलगा असता, तर तिनं स्वतःच्या अंगठ्यानं त्याला दुसऱ्यांदा हरवलं असतं. हे ओझं माझ्या टेबलावर होतं, तिला त्याची कल्पना नव्हती.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. आरोपीला बोलू द्यायचं आणि आपण चहा प्यायचा. तो तरुण आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंच्याचा, मराठीत तेलुगू मिसळून बोलणारा. जत्रांतून बांगड्या विकणाऱ्या एका माणसानं आणि त्याच्या बायकोनं त्याला वाढवलं होतं. मरताना त्या माणसानं कबूल केलं की तू माझा नाहीस, तुला मार्कंड्याहून उचलून आणलं. गावाचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी घराबद्दल विचारलं. अंगणातलं झाड, बापाचं नाव, मामाचं गाव, त्यानं सगळं बिनचूक सांगितलं. माझे हवालदार खूश झाले. “सायेब, सारं बरोबर सांगून राह्यला.”

मला तेच खटकत होतं. ही माहिती चहाच्या टपरीवर फुकट मिळते, आणि हा गडी तर कितीतरी टपऱ्या पालथ्या घालून आला होता. मी विचारलं, “हे तुला आठवतं, की कळलं?”

त्यानं मान खाली घातली. “कळलं सायेब. आठवत काईच नाई.”

तोतया असं कधी बोलत नाही. पण भोळा चेहरा हा काही पुरावा नव्हे, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी कागदपत्रांकडे वळलो. वयाचा रकाना रिकामा होता. त्या मुलखात तेव्हा जन्मतारीख कुणाला माहीत नसे, म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत असे: तू जन्मलास तेव्हा देशात काय चाललं होतं? कुणी म्हणे बांगलादेशची लढाई, कुणी धम्मदीक्षेचं साल, कुणी नसबंदीवाले गावात येत होते तेव्हा. आईनं सांगितलेलं असतंच. त्यावरून वय काढायचं आणि रकाना भरायचा. रोजचंच काम होतं ते.

त्यालाही सवयीनं तोच प्रश्न केला. तो विचार न करता बोलून गेला, “आकाश पडनार होतं. साऱ्यायनं कोंबड्या कापल्या. आईनं एक धानाच्या ढोलीत लपवली. आजीनं आवाज ऐकला तं आई म्हने, उंदीर हाये.” आणि जरासा हसला.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“मालूम नाई. झोपवतानी कोनी तरी सांगे. सिरोंच्याच्या अम्माले विचारलं, तं थे म्हने आमच्याकडे अशी गोष्टच नाई.”

मी कप खाली ठेवला. आकाश पडणार, म्हणजे स्कायलॅब. एकोणऐंशीचा पावसाळा. अमेरिकेनं सोडलेली ती अवकाशातली प्रयोगशाळा कोसळणार, कुठे ते सांगता येत नाही, असं रेडिओ रोज सांगत होता. मी कॉलेजात होतो. दिल्लीत सरकार डळमळत होतं, पण खेड्यापाड्यांत त्याची कुणाला फिकीर नव्हती. मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून जेवणावळी उठवल्या होत्या. इथवरचं कुणालाही ठाऊक असेल. उंदराचं मात्र टपरीवर कळण्यासारखं नव्हतं.

त्याला शेजारच्या खोलीत बसवलं आणि बाईला आत बोलावलं. हवालदारांना डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा नियम मी कधी मोडला नाही.

“बाई, तुमचा मुलगा झाला तेव्हा देशात काय चाललं होतं?”

“स्कायलॅब पडनार होती नं. मले नववा महिना होता.”

“तुमच्या घरी काय केलं?”

“सासूनं कोंबड्या कापल्या. साऱ्या.”

“मग बाळंतपणात खाल्लं काय?”

“अंडे.” बोलून गेल्यावर ती अडखळली.

मी वाट पाहिली. सासू जाऊन जमाना झाला होता, तरी तिनं दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. “एक कोंबडी मी लपवली होती सायेब. धान ठेवाची बांबूची ढोली रिकामी होती, तिच्यात. खुडबुडली तं सासूले म्हनलं, उंदीर हाये. मंग स्कायलॅब काई पडली नाई, तवा म्हनलं, जंगलात पयाली होती, वापस आली.”

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“कोनालेच नाई. नवऱ्यालेबी नाई. पोराले सांगत होती, झोपवतानी. उंदीर म्हनलं का थो लय हासे.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “सायेब, तुमी हे काऊन विचारून राह्यले?”

मी त्याला आत आणवलं आणि मघाचं उत्तर पुन्हा द्यायला लावलं. उंदराशी आला तेव्हा तो पुन्हा तसाच हसला. बाई उठून उभी राहिली. पण एकदा पोळलेली होती ती.

“कोंबडी कोनत्या रंगाची होती?”

तो गोंधळला. बराच वेळ आठवत राहिला. “नाई मालूम.”

“रंग मी कधी सांगतलाच नवता,” ती म्हणाली आणि मटकन खाली बसून रडू लागली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिला हात लावावा की नाही हे त्याला कळेना. हवालदार पाणी आणायला म्हणून गेले ते लवकर परतलेच नाहीत.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. तक्रार फाडून टाका म्हणून ती मागे लागली, पण ठाण्यात आलेला कागद फाडता येत नाही. दोघांचं रक्त तपासणीला पाठवलं. बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला, जुळला, आणि प्रकरण बंद करण्याचा अहवाल मी न्यायालयात दिला.

ओळख पटली त्या दिवशी ती निघताना मी तिला म्हटलं, “ही कोंबडीची गोष्ट त्या पहिल्या भामट्याला विचारली असती तर शेळ्या वाचल्या असत्या.”

“कशी विचारू सायेब? मरनाच्या वक्ती घरच्यायच्या तोंडचं चोरलं, सासूशी खोटं बोलली. मार्कंडदेवाच्या दारातच पोरगा गेला. मले वाटे, त्याच्याचपायी देवानं नेला. पापाची गोष्ट कोन सांगते?”

ठाण्यात माणूस गप्प झाला की तो गुन्हा लपवतो आहे, असं आम्ही धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. या बाईनं वीस वर्षं उराशी दाबून ठेवलं होतं ते गरोदर बाईचं साधं शहाणपण, आणि त्याची शिक्षा ती स्वतःच स्वतःला देत आली होती. माझ्या वर्दीचा उपयोग मी तोवर माणसाला दोषी ठरवण्यासाठीच केला होता. कुणाला निर्दोष म्हणण्यासाठीही ती तितकीच लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी खुर्चीवरून उठलो, टोपी घातली आणि तिला सांगितलं, “बाई, हा कायद्यानं गुन्हा नाही.”

“खरंच नाई?”

“नाही,” मी म्हटलं. तिनं मला पुन्हा विचारलं, आणि मी तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर मुलाला घेऊन ती पायऱ्या उतरली.