उंबरठ्यावरचा स

बालवाडीतल्या पोरांवर मी कधी आवाज चढवला नाही. तो मान माझ्या थोरल्या भावाचा.

दादा गवंडी. जन्मभर लोकांची घरं बांधली, आणि स्वतःच्या घराचा उंबरठा मात्र फुटका. वहिनी सांगून सांगून थकली. "बघू गं पुढच्या आठवड्यात," हे त्याचं ठरलेलं. शेवटी त्याच उंबरठ्याला अडखळून ती पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टरमधला हात सांभाळत पिशवी भरून भावाकडे निघून गेली. दादाचा फोन उचलेना.

मग स्वारी माझ्याकडे. उंबरठा नवा घालणार म्हणे, आणि त्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरणार. शाळेशी याचा संबंध शाळेच्या भिंती बांधण्यापुरता!

"स शिकव," म्हणाला. "पण छापल्यासारखा हवा. वेडावाकडा दिसला तर ती दारातूनच परत फिरेल."

मी पाटीवर छापील स काढून दिला. डावीकडून सुरू कर, मग काना, शेवटी वरची रेघ. ऐकेल तर शपथ! पठ्ठ्या आधी काना उभा करायचा, तोही खालून वर. मग रेघ. आणि उरलेला स मिळेल त्या जागेत कोंबायचा, भाडेकरूसारखा.

"अरे, वरून खाली!"

"खांब कधी वरून खाली आलाय का, चिमे?"

"हा खांब नाही, काना आहे!"

"उभा आहे ना? मग झालं."

आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. थापी धरावी तशी पेन्सिल धरायचा आणि तुकडे माझ्या पुढ्यात टाकायचा. मला वाटायचं, वहिनी गेली ते बरंच केलं. पण जाताना पाटी शर्टात खुपसून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ती दोन्ही बाजूंनी भरून आणायचा, म्हणून हाकलताही येईना.

परवा त्याचा फोन आला, "बघून जा." पुढच्या दारातलं सिमेंट ओलं म्हणून मी मागच्या दाराने घरात शिरले. उंबरठा सरळ, गुळगुळीत. मधोमध स. उलटा! चक्क डोक्यावर उभा!

"दादा, एवढं रक्त आटवलं मी! आता तिने शीर्षासन करून वाचायचा का?"

तो दाराबाहेर उकिडवा बसून थापी पुसत होता. मान वर केली नाही.

"तू घरातून बघतेयस. बाहेर जाताना तिने कशाला वाचायचा? आत येताना सरळ दिसला पाहिजे."

मी मागच्या दाराने बाहेर पडले. वळसा घालून पुढच्या अंगाला गेले. काना जरा जाड होता, पण स छापल्यासारखा होता. मी फोटो काढून वहिनीला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं.

"त्यांना विचार, वाळायला किती दिवस लागतील."