सुपारीची वरात

आमच्या किन्हीराजात योगिनी घुगेचं घर शोधायचं असेल तर पत्ता विचारू नका, कारण कुणी सांगणार नाही. तिच्याकडे येणाऱ्या बायका गल्लीच्या तोंडाशीच गाडीतून उतरतात, डोक्यावरून पदर घेतात आणि सरळ आत शिरतात. योगिनी मुलींच्या लग्नाचं रुखवत करून देते, आणि रुखवत हे नवरीनं स्वतःच्या हातानं केलेलं असतं. निदान मांडवात तसा कागद लावलेला असतो. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यात जिचं काम मांडलं जातं, तिचं नाव मात्र कुणी घेत नाही. मी तिची शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांवर ओरडले, आता निवृत्त झाल्यापासून तो मान योगिनीला देते.

सुरुवात तिनं स्वतःच्या हौसेनं केली. नणंदेच्या लग्नात सुपाऱ्यांना फेटे बांधले, डोळे-नाक काढले आणि पाटभर लांब वरात उभी केली. बँडवाले, घोड्यावरचा नवरदेव, मागे बायका. गंमत अशी की ती वरात त्यांच्याच घराची होती. काठी टेकत येणारी सुपारी म्हणजे तिची सासू गोजराबाई, आणि बँडपुढे बोट वर करून नाचणारी म्हणजे नणंदेचा मामा. लोक रुखवताशी उभे राहून आपापल्या सुपाऱ्या शोधत होते आणि जेवण गार होत होतं.

मग मागण्या यायला लागल्या. आधी योगिनी प्रत्येकीला समोर बसवून विचारायची, ‘घरी कोन कोन हाय? आजोबा हायेत काय? रागीट हायेत का गरीब?’ बाई सांगता सांगता हसायची, कधी रडायची. चहा व्हायचा. त्या गप्पांतून वरात तयार व्हायची, आणि योगिनीचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे, काम करताना ती स्वतःशीच बोलायची.

पुढे तिच्या पुतणीनं तिचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि सगळं बिघडलं. वाशिम, रिसोड, कारंजा, कुठूनही फोन. एका मोसमात पाच लग्नं होती त्यांची अकरा झाली. उजव्या हाताचा अंगठा सुजून राहायचा. गरम गोंदाचे चटके बोटांवर एकाशेजारी एक. जेवताना डाव्या हातानं उजवं मनगट धरून घास उचलायची. दोन मुली हाताखाली ठेवून पाहिल्या, तर त्यांनी काढलेल्या सगळ्या आज्या एकसारख्या रुसलेल्या निघाल्या, त्या पुसून पुन्हा काढण्यात योगिनीचाच दिवस गेला. एकदा मला म्हणाली, ‘मॅडम, आताशा सुपारी हातातच घेऊ वाटत नाही मले. असंच चाललं त मी हे सोडूनच देनार.’ तेवढं बोलून ती पुढचा फेटा बांधायला लागली. मला वाईट वाटलं. एवढी मनापासूनची गोष्ट तिच्या हातून जाणार, आणि ती जाताना आपण बघत बसणार.

बघत बसले नाही म्हणा, सल्ले दिले. दुकान टाक, बोर्ड लाव, असं मीच म्हणायचे, आणि अंगठा पाहून आराम कर, असंही मीच म्हणायचे. दोन्ही सल्ले एकाच चहात. पण शेवटी एकावर ठाम झाले. ‘योगिनी, नाही म्हनाले शिक. हे लोक तुह्या जिवावर उठले.’ ती मान हलवायची आणि तेवढ्यात फोन वाजला की ‘हाव ताई, होऊन जाईन’ म्हणायची. माझा संताप व्हायचा.

गेल्या फाल्गुनात मालेगावच्या एका मंगल कार्यालयात शिवम आणि हरीओम या दोन सख्ख्या भावांचं लग्न एकाच मांडवात लागलं. दोघंही माझे विद्यार्थी, म्हणून मी गेले होते. एक नवरी केनवडची, दुसरी कारंजाची. शेजारी शेजारी दोन टेबलं, दोन रुखवतं, दोन्हींवर ‘वधूने स्वहस्ते केलेले’. आणि दोन्हींवर हुबेहूब तीच वरात. बँडवाले नऊ आणि नऊ. काठीवाली आजी इथेही, तिथेही. बोट वर करून नाचणारा मिशीवाला मामासुद्धा दोन्हीकडे. दोन्ही घरच्यांनी चोरून योगिनीकडे काम दिलं होतं, नवरदेवाचं नाव कुणीच सांगितलं नव्हतं, आणि योगिनीनं विचारायचं केव्हाच सोडलं होतं. वरातीच्या एकाच नमुन्याचा कागद समोर ठेवून ती वराती उतरवत होती.

बायकांना हसू फुटलं. वरमावशीनं कारंजाच्या नवरीला खवचटपणे विचारलं, ‘काहून वो, मामा कोनते तुमचे यातले?’ पोरीचं तोंड उतरलं. तिच्या आईला भाऊच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी योगिनीला फोटो दाखवले. मला वाटलं, बदनामीची धास्ती घेईल. तिनं फक्त एवढंच विचारलं, ‘मामा नव्हता तिले?’

‘नाही.’

‘मी इचारलंच नाही मॅडम.’ आणि ती रडली. सुजल्या अंगठ्यानं डोळे पुसत बराच वेळ रडली.

त्या दिवशी तिनं ठरवलं. कबूल केलेली तीन कामं संपवायची, आणि मग तुळशीच्या लग्नापर्यंत एकही नवीन काम घ्यायचं नाही. त्यानंतर महिन्याला एकच, आणि घरची माणसं समजून घेतल्याशिवाय सुपारीला हात लावायचा नाही. मी इतकी खूश झाले की गल्लीभर सांगत सुटले, अखेर माझं ऐकलं म्हणून.

आणि तीन आठवड्यांनी माझ्या लेकीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलं. तारीख अठरा दिवसांवर.

मी दुसऱ्याच सकाळी योगिनीकडे गेले. रिकाम्या हातानं नाही, आमच्या घरातल्या सगळ्यांचे फोटो घेऊन. तिनं ते एकेक करून पाहिले. ‘हे कोन?’ ‘हे माझे दीर, बँडसमोर पडेपर्यंत नाचणारे.’ ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मला वाटलं, झालं काम.

तिनं फोटो नीट रचून माझ्या हातात दिले. ‘लय छान मानसं हायेत मॅडम. पन मी नाही करनार.’

‘अवं, आपल्या संस्कृतीचं लग्न हाय!’

‘तुमीच म्हनत होत्या ना, नाही म्हनाले शिक?’

‘ते लोकायसाठी!’ मी ओरडले. ‘मी काय लोक हाव?’

योगिनीचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती मागे हटली नाही. ‘तुमाले हाव म्हनलं त मंग मले कोनालेच नाही म्हनता येनार नाही.’

मी ताडताड घरी आले. संस्कृती म्हणाली, ‘आई, जाऊ दे ना, रुखवतावाचून लग्न अडते काय?’ तिच्यावरही मी ओरडले. इतकी वर्षं हिच्या बाजूनं भांडले, आणि हिला पहिलं ‘नाही’ म्हणायला मीच सापडले! रात्रभर तोच राग.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन मी पुन्हा गेले. बरणी म्हणजे निमित्त होतं, दुसऱ्यांदा गळ घालायची होती. दार उघडंच होतं. गोजराबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. आत पंख्याखाली, चटईवर, योगिनी झोपली होती. उजवा हात अंगावरून बाजूला पडलेला, बोटं सैल. दुपारच्या चार वाजता, भर लगीनसराईत.

गोजराबाई हळूच म्हणाल्या, ‘तुमचं तातडीचं हाय काय? उठवू काय तिले?’

‘उठवा’ हा शब्द माझ्या ओठावर आला होता. अठराचे सोळा दिवस झाले होते, लग्न माझ्या एकुलत्या एका लेकीचं, आणि शेजारीण एवढंही करू शकत नाही? गोजराबाई तुरीतला हात थांबवून माझ्याकडे पाहत राहिल्या.

‘नको,’ मी म्हणाले. काल माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणताना त्या पोरीला किती जड गेलं असेल, ते मला तिथं उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं, आणि बरणी गोजराबाईंच्या हाती देऊन, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन मी घरी गेले.