मी खात नव्हते

"बाई, तुमचं वजन खाण्यामुळे वाढलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. डाव्या किडनीच्या माथ्यावर एक ग्रंथी असते, तिच्यात सुपारीपेक्षा जराशी मोठी गाठ आहे, हेही नंतर. गाठ म्हटल्यावर माणूस घाबरतो, पण मला भीती वाटलीच नाही. ते पहिलं वाक्य यांनी ऐकलं की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. हे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

व्यायाम करून, पोट मारूनही ज्यांचं वजन वाढतच चाललं आहे आणि ज्यांच्यावर घरात कुणाचा विश्वास नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नाशिकमधल्या मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना खो-खो खेळले. पोल डाइव्ह, म्हणजे खांबाशी झेपावून गडी बाद करणं, ही माझी खासियत होती. लग्नानंतर, मुलगी झाल्यावरही माझं अंग कधी सुटलं नाही. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी पस्तिशीची होते, आणि तेव्हा आधी माझा चेहरा बदलू लागला.

गाल गोल आणि लालसर झाले. "तब्येत सुधारली हो बाई," स्टाफरूममध्ये कौतुक झालं. मग पोट सुटलं. मानेमागे मांसाचा उंचवटा आला. हातपाय मात्र बारीकच राहिले. ब्लाउज दंडात सैल व्हायचा आणि पुढे हुक लागायचे नाहीत. ही गोष्ट विचित्र आहे, एवढं कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही.

मी भात सोडला, साखर सोडली. भाकरी, पालेभाजी, ताक. पहाटे सोमेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन परत यायचं, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या. काटा पुढेच सरकत राहिला.

आमचे फॅमिली डॉक्टर मला दरवेळी वजनकाट्यावर उभं करायचे आणि मान हलवायचे. एकदा यांच्याकडे वळून म्हणाले, "मॅडमचं स्वयंपाकघरात काय चालतं ते बघता का कधी? हवा खाऊन कुणी जाड होत नाही." दोघंही हसले. मी तिथेच उभी होते.

त्यानंतर हे बघायला लागले. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, आणि तीच नजर घरी आली. शेंगदाण्याचा डबा, गुळाची ढेप, मुलीची बिस्किटं. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं. "तुझ्याच भल्यासाठी करतोय, नलिनी," म्हणाले. माझी मुलगी दारात उभी राहून बघत होती.

भूक लागायची, हे मी लपवत नाही. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. मी काकडी खायचे, पाणी प्यायचे आणि झोप येत नाही म्हणून छताकडे बघत पडायचे. ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली होती. नुसता धक्का लागला तरी अंगावर काळंनिळं उठायचं.

शाळेच्या क्रीडा महोत्सवात मुलींना खो-खोची बसण्याची पद्धत दाखवायला मी मैदानात उकिडवी बसले आणि मला उठताच येईना. मांड्यांत जोरच नव्हता. आधी मुली खुदखुदल्या, मग धावत आल्या. दोघींनी हाताला धरून मला उठवलं. सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "खेळाच्या शिक्षिकेकडे बघून मुली शिकतात हो," त्या म्हणाल्या. मैदान एका तरुण शिक्षिकेला मिळालं आणि मला वाचनालयात बसवलं.

कांद्याची कामं उरकल्यावर माझ्या माहेरच्या गावाहून, देवळ्याहून आई आली. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे ती दिवसभर माझ्याबरोबर असायची, माझ्याच ताटाशेजारी जेवायची. एका संध्याकाळी तिने यांना सांगितलं, "जावईबापू, पोरगी काही खात नाय. तिला काहीतरी झालंय. मोठ्या डॉक्टरला दावा."

"आई, तुम्ही तिची बाजू घेणारच," हे म्हणाले.

"बाजू नाय घेत. पंधरवडा झाला, डोळ्यानं बघती हाय मी."

हे हसले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच हिवाळ्यात आई हार्ट अटॅकने गेली. तिचं म्हणणं खरं होतं, हे ऐकायला ती राहिली नाही. मला सगळं विसरता येईल, हे येणार नाही.

पुढे मला साधा खोकला झाला आणि खोकताना बरगडीत कळ आली. एक्स-रेमध्ये बरगडी मोडलेली दिसली. हाडांचे डॉक्टर फिल्म उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. "ही हाडं तुमच्या वयाची नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी मला एका फिजिशियनकडे पाठवलं.

या डॉक्टरांनी वजन केलं नाही. म्हणाले, "पोट बघू."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. पोटावर बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे होते. ते बाळंतपणाचे आहेत असं मी समजत होते. त्यांनी माझे दंड पाहिले, मान पाहिली, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. मग विचारलं, "लग्नातला फोटो आहे का घरी?"

तपासण्या सुरू झाल्या. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची. रात्री डेक्सामेथासोनची गोळी घ्यायची आणि सकाळी रक्त द्यायचं. या गोळीने शरीरातलं कॉर्टिसोल खाली यायला हवं. कॉर्टिसोल म्हणजे ताण सोसायला मदत करणारं हार्मोन. माझं खाली आलं नाही. नमुने मुंबईला जायचे आणि रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर बसायचो. शेवटी सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली. निदान झालं कुशिंग सिंड्रोमचं. ती गाठ दिवसरात्र कॉर्टिसोल बनवत होती. चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर साचत होती, स्नायू झिजत होते, हाडं पोखरली जात होती. भूकसुद्धा तिचीच होती.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मला कसं कळणार? डॉक्टरच तसं म्हणत होते."

"आई सांगत होती," मी म्हणाले.

यांनी रिक्षाला हात केला.

शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली. लोकांना वाटतं गाठ काढली की संपलं. तसं नसतं, हे आधीच माहीत असू द्या. उजव्या किडनीवरची दुसरी ग्रंथी इतकी वर्षं आयती बसून सुस्तावलेली असते, ती लगेच कामाला लागत नाही. तोवर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या हळूहळू कमी करतात, आणि दर वेळी कमी केल्या की अंग ठेचल्यासारखं दुखतं. गोळ्या मनाने कधीही बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. वर्षभर मी कशीबशी होते. हे रजा काढून घरी राहिले, मला भरवलं, माझी वेणी घातली. हे मी नाकारत नाही. कपाटाचं कुलूप कधी गेलं मला कळलं नाही. पण 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, आणि आता मी वाट बघणं सोडलं आहे.

फाइल घेऊन मी फॅमिली डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी चाळली. "अशी केस लाखात एखादी," म्हणाले.

"ती मीच होते ना, डॉक्टर," मी म्हटलं. त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

वजन उतरलं. मांड्यांत थोडा जोर आला, पण मैदान परत मिळालं नाही आणि पोल डाइव्ह आता हाडांना झेपणार नाही. शाळेत महिलांच्या कार्यक्रमात मोठ्या बाईंनी माझी ओळख करून दिली, "जिद्दीने वजन घटवणाऱ्या आपल्या शिक्षिका." मी माइक घेतला आणि जिद्द नाही, ट्यूमर होता, असं सांगितलं. सगळं समजावलं. शेवटी पहिला प्रश्न आला, "पण बाई, डाएट कोणतं केलं?"

कार्यक्रमानंतर एका विद्यार्थिनीची आई थांबून राहिली. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा. अंगाने स्थूल. "बाई, मीबी खात नाय," ती हळूच म्हणाली. "कुणालाच पटत नाय."

मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या माणसाचे उपकार माझ्यावर आहेत, कारण त्यांनी बघितलं. तिलाही त्यांनी तसंच नीट तपासलं, रक्त घेतलं, थायरॉइडही पाहिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "गाठ नाही, आजार नाही," ते तिला म्हणाले. "पण तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणणार नाही. असं अंग असतं काहींचं. गुडघ्यांची काळजी घेऊ, शुगरवर लक्ष ठेवू. दर महिन्याला या."

तिने मान हलवली. जिना उतरताना मध्येच थांबली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"निघाली असती गाठ तर बरं झालं असतं बाई," ती म्हणाली. "घरी दावता तरी आली असती."

तिचा हात धरून मी तिथेच पायरीवर बसले.