परवान्याच्या बाकावर

कोपरीत शिवणकामाचं दुकान टाकायचं म्हणून मी परवान्यासाठी कचेरीत बसलेले. शेजारी कोलशेतची एक कोळीण होती. तिला खाणावळ काढायची होती. साहेबांचं दार उघडलं की ती उठायची, नाव दुसऱ्याचं निघालं की पदर झटकून पुन्हा बसायची. तिची ती उठबस बघून मलाही धड बसवेना.

"मावशी, जरा दम घ्या ना," मी म्हटलं.

"खाडीवर तासन्‌तास बसते गो मी. भरती येनार ते म्हाईत असतं. हितं काय येनार, कोनाला म्हाईत?"

शेवटी तिचं नाव पुकारलं. ते आता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती उठेचना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तू पन चल."

मी गेले. साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि सही केली.

बाहेर आलो, तर तेवढ्यात दुसऱ्या साहेबांकडे माझं नाव पुकारून झालेलं. "आता सगळ्यांच्या शेवटी," शिपाई म्हणाला.

मला रडूच फुटलं. मावशीने परवाना पिशवीत ठेवला आणि ती माझ्याजवळ बसली.

"तुम्ही निघा, उशीर होईल," मी म्हणाले.

"आन तुझ्यासंगती आत कोन येल?"