चंद्रभागाबाईनं लिंपलेली नाव

उमापुरात पेव लिंपायचं तर ते चंद्रभागाबाईनंच. असं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण सुगी उरकली की मोठमोठे मिशीवाले शेतकरी तिच्या दारात येऊन उभे राहत आणि ती आतून ओरडे, "थांबा की जरा, भाकर तव्यावर हाय." थांबत बिचारे. न थांबून सांगतात कुणाला! जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, त्यात वर्षाची ज्वारी. त्याचं तोंड नीट बंद झालं नाही तर पहिल्या पावसातच दाणा काळा पडायचा. चंद्रभागाबाईनं बंद केलेल्या पेवात मुंगी शिरत नसे. याचा तिला गर्व होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

तिची अट मात्र एक होती. "मी लिंपलं ते मीच फोडणार." पेव उघडायचं असलं की आदल्या दिवशी तिला सांगावा जायचा. ती यायची, तोंड फोडायची, आणि सगळ्यांना दहा पावलं मागं हाकलायची. मग दुपार टळेपर्यंत पेव तसंच उघडं. त्यानंतर दोरीला बांधून एक दिवा आत सोडायची. दिवा विझला तर आत कुणी उतरायचं नाही, मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा बाप. तिच्या हातचं काम कुणाच्या जिवावर उठू नये, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं, आणि एकोणतीस वर्षं देवानं ते ऐकलं होतं.

त्याआधीची गोष्ट गावाला माहीत होती, पण तिच्यासमोर कुणी काढत नसे. ती एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा आप्पाराव घरचं पेव फोडून लगेच आत उतरला, दमल्यासारखा खाली बसला आणि कलंडला. त्याला उचलायला धाकटा भाऊ धर्मराज उतरला, तोही त्याच्या अंगावर आडवा झाला. पेवात कोंडलेली वाफ माणूस मारते हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, तरण्यांना कोण सांगणार! चंद्रभागा धावत आली ती थेट पेवाकडंच. पण सासूनं, साखराबाईनं, तिला वेणीला धरून मागं ओढलं, खाली पाडलं आणि तिच्या छातीवर बसली. चंद्रभागा सासूच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं, पण म्हातारी उठली नाही.

त्यानंतर साखराबाई अकरा वर्षं जगली. सून तिला वेळच्या वेळी भाकरी वाढी, आजारपणात तिचं सगळं करी, पण एक शब्द बोलत नसे. "मला सोडलं असतं तर मी दोघांना वर काढलं असतं," हे वाक्य चंद्रभागाबाईच्या मनात घट्ट बसलं होतं. सासू मेली त्या दिवशीही ते हललं नाही.

नव्या निजामाला गादीवर येऊन तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा खाजामियाँ नावाडी तिच्या दारात आला. उमापूरपासून अडीच कोसांवर गोदावरी. तिला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. त्या गंगेवर खाजामियाँ आणि त्याचा धाकटा भाऊ अजीज माणसं, शेळ्या, धान्य पलीकडं पोचवायचे. नदी मोजायला आलेल्या कुणा साहेबानं एक शिडाची नाव आणली होती आणि तशीच वाळूत टाकून तो निघून गेला होता. खाजामियाँनं तहसिलीत हातापाया पडून ती मिळवली. सहा महिने दोघे भाऊ तिच्यामागं लागले होते. कुजक्या फळ्या बदलल्या, नवी डोलकाठी उभी केली, खाजामियाँच्या बायकोनं, बीबीजाननं, शीड शिवलं. नावेच्या पोटावर फळ्यांचं छत होतं आणि त्याला दोन चौकोनी तोंडं होती, एक पुढं, एक मागं. त्यातून पोती आत जायची. या तोंडांची झाकणं कुजली होती, म्हणून शहादेव सुतारानं नवी करून दिली. शहादेवाचा जन्म गेला दारं करण्यात, तेव्हा त्यानं झाकणंही छताशी अगदी सपाट बसवली, वर सुबक पानंफुलं कोरली. पहिल्याच वळवात नावेच्या पोटात हातभर पाणी साचलं. शहादेव म्हणाला, पाऊसच वाईट होता.

"आक्का, तुमच्या पेवात पानी जात न्हाई म्हनतेत," खाजामियाँ म्हणाला. "माज्या नावंत जातंय."

"मग ती नाव कसली, घमेलं हाय ते," चंद्रभागाबाई म्हणाली. पण गेली.

झाकणं बघून तिनं आधी शहादेवाची हजेरी घेतली. "देवघराचं दार केलं का रं हे? पेवाचं तोंड चार बोटं वर उचलतेत, ते काय नटायला व्हय?" शहादेवानं तोंड वाकडं केलं, पण दोन्ही तोंडांभोवती लाकडी कठडा उभारला आणि डब्याच्या झाकणासारखी वरून बसतील अशी नवी झाकणं केली. मग ती कामाला लागली. अंबाडीच्या वाखाचे पेड वळले, जवसाच्या तेलात राळ आणि चुना कालवून त्यात ते बुडवले, आणि बोथट पटाशीनं फळीफळीच्या फटीत ठोकून बसवले. तीन दिवस अजीज तिच्या हाताखाली होता. तिशीचा गडी, सदा हसणारा. पहिल्याच दिवशी त्यानं वाळूतल्या वाडीतलं एक खरबूज तिच्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, आदी खा, मग शिव्या द्या." असा माणूस तिला आवडला नसता तरच नवल.

चौथ्या दिवशी तिनं नावेच्या तळाला चाळलेली राख पसरली, झाकणं बसवली, सांध्यांवर लिंपण फिरवलं आणि दोघा भावांना वरून वीस घागरी पाणी ओतायला लावलं. मग झाकण उचलून स्वतः आत उतरली. राख कोरडी ठक्क. तिच्याच पावलांचे ठसे तेवढे उमटले.

"आक्का, मुंगी बी जायची न्हाई," अजीज वरून वाकून म्हणाला.

"वारा बी जायचा न्हाई," ती आतून म्हणाली.

तेव्हाही तिच्या ध्यानात आलं नाही. आता आपल्याला म्हणायला सोपं आहे. पण तिच्या लेखी पेव म्हणजे जमिनीतलं, अंधारातलं. नाव तर पाण्यावर, उन्हात, चारी बाजूंनी वारा खात उभी. शिवाय ती स्वतः आत उतरून धडधाकट वर आली होती. जी अट ती पाटलालाही सोडत नसे, ती तिनं या दोघांना सांगितलीच नाही.

भादव्यात नाव भरली. पोती चढवताना पावसाची सर आली आणि काही पोती भिजली, पण खाजामियाँला घाई होती. दोन्ही झाकणं बसली, चंद्रभागाबाईनं त्यांच्यावर लिंपण केलं. मागचं झाकण लाटांच्या तोंडी येतं म्हणून त्याच्यावर तिनं दुप्पट हात फिरवला. दुसऱ्या दिवशी नाव निघणार, तर गंगेला पूर आला. अकरा दिवस नाव काठावरच्या चिंचेला बांधून पडली. पोटात ओली ज्वारी, ओली लाकडं, जवसाचं तेल, आणि बाहेरचा वारा आत जायला कुठं सुईएवढी फट नाही.

बाराव्या दिवशी पूर ओसरला. चंद्रभागाबाईला राहवेना. आपल्या हाताखालचं धान्य कसं राहिलं ते बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर खाजामियाँच्या तोंडून ऐकायचं होतं. फडक्यात भाकरी बांधून ती सकाळीच निघाली. काठावर पोचली तर नावेचं पुढचं झाकण निघालेलं. खाजामियाँ तोंडाशी गुडघे टेकून आत वाकला होता आणि हसत होता.

"अज्या, झोपला का बे?"

आतून उत्तर आलं नाही.

चंद्रभागाबाई चिखल तुडवत नावेकडं येत होती. वाऱ्याबरोबर एक आंबूस, तेलकट वास आला. हा वास तिनं एकोणीस वर्षांची असताना घेतला होता. नावेचं पेव झालं होतं. तिनंच केलं होतं.

"उतरू नका! खाजाभाई, उतरू नका!"

खाजामियाँनं एक पाय आत टाकलेला होता. नावेला लावलेल्या फळीवरून ती कशी धावली, वर कशी चढली, तिला पुढं कधी आठवलं नाही. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं धाडकन छतावर आपटली.

"सोड! भाई है मेरा! सोड बाई!"

"वाफ हाय आत! जाल तर तुमी बी राहाल!"

त्यानं कोपर हाणलं. तिचा दात हलला, तोंडात रक्त आलं. त्यानं तिच्या मनगटात नखं रोवली. ती सोडेना. घाटावर भांडी घासत असलेली बीबीजान ओरडा ऐकून धावत आली. "बीबीजान, कुऱ्हाड घे! मागचं तोंड फोड! वारा जाऊ दे आत!" चंद्रभागाबाई किंचाळली.

बीबीजाननं कुऱ्हाड उचलली. एक घाव बसला. झाकण हललं नाही. दुसरा, तिसरा. दुप्पट हात फिरवलेलं लिंपण ते, आठवा घाव घातला तरी चिरायला तयार नव्हतं. खाजामियाँच्या कमरेला धरून चंद्रभागाबाई आपलं काम बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताला शिव्या देत होती. अकराव्या घावाला फळी फुटली. बीबीजाननं घोंगडी घेऊन ती तोंडावर वरखाली हलवायला सुरुवात केली. मग बांबूला आकडा बांधून, अजीजच्या सदऱ्यात अडकवून त्याला तिघांनी वर ओढलं. त्याला उलटा केला, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. चेहरा शांत होता. जरा वेळ बसलो, आता उठतो, असा.

तो उठला नाही.

खाजामियाँ बराच वेळ भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मग मान वर करून म्हणाला, "तू धरलं मला. मला सोडलं असतं तर मी त्याला वर काढलं असतं."

हे चंद्रभागाबाईचंच वाक्य होतं, सासूसाठी मनात धरलेलं. त्याचं उत्तर आता तिला ठाऊक होतं आणि ते देण्याचं तोंड तिला नव्हतं.

"मी लिंपलं, खाजाभाई," ती एवढंच म्हणाली. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे.

त्या नावेनं पुढं बारा वर्षं धान्य वाहिलं. झाकण उघडलं की खाजामियाँ आधी दिवा आत सोडायचा आणि मगच माणूस. हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर तो उठून जायचा. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा चंद्रभागाबाई घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. चूल पेटवली नाही. पेव लिंपायला बोलवायला एकजण आला, त्याला तिनं दारातूनच परत पाठवलं. आपले हात ती मांडीवर उताणे ठेवून बघत राही.

अजीजच्या कबरीवर तिसऱ्या दिवशीची जियारतीची दुआ झाली आणि चौथ्या दिवशी बीबीजान अडीच कोस चालत उमापुरात आली. दारात तिला बघून चंद्रभागाबाई उभी राहिली. शिव्या येणार, कदाचित मारही. येऊ दे, तिनं मनाशी म्हटलं.

बीबीजान आत आली, खाली बसली. तिनं चंद्रभागाबाईचं मनगट हातात घेतलं. नवऱ्याच्या नखांचे व्रण त्यावर अजून ओले होते.

"ते तुमच्याशी बोलत न्हाईत," बीबीजान म्हणाली. "लई दिवस बोलायचे बी न्हाईत. तुमच्या नावानं लई वाईट बोलतेत. पर सांजच्याला भाकर खायला बसतेत आणि मी समोर बसून बगत राहते. तुमी सोडलं असतं तर दोन जनाजे निघाले असते आक्का. तुमी धरलं म्हनून माजा मानूस घरी आला. हे तुमाला कुनीतरी सांगाया पायजे म्हनून आले."

चंद्रभागाबाईला एकोणतीस वर्षांपूर्वीचं पेव दिसलं, पण या वेळी स्वतःच्या जागेवरून नाही, सासूच्या जागेवरून. खाली साखराबाईची स्वतःची दोन्ही लेकरं होती. दोन्ही. आणि म्हातारी त्यांच्याकडं न जाता, दुसऱ्याच्या पोटच्या पोरीच्या छातीवर बसून राहिली होती, मनगटातून रक्त गळत असताना. मग अकरा वर्षं एका घरात, दहा हातांवर तिचं अंथरूण होतं. हे तिला सांगायला अडीच कोस चालायचंही नव्हतं.

चंद्रभागाबाईनं चुलीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडं मान वळवली.

"आत्याबाई," ती म्हणाली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोन?" बीबीजाननं विचारलं.

"माझी सासू," चंद्रभागाबाई म्हणाली आणि तिनं बीबीजानच्या हातातल्या आपल्या मनगटावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "तिला बी हितंच लागलं व्हतं."