खाऱ्या पाण्यातली पिल्लं

बायपास झाल्यावर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना काही महिने मोटारसायकल बंद सांगितली, आणि घरात सतत कुणीतरी चालत असल्याचा आवाज सुरू झाला. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, पुन्हा हॉलमध्ये. ठिबकचे पाइप विकण्यात ह्यांची सगळी नोकरी माळशिरस, करकंब, पंढरपूर या रस्त्यांवर गेली होती. रविवार सोडला तर दिवसाउजेडी घरात बसलेला नवरा मी पाहिलाच नव्हता. माझी शाळा सकाळची. दुपारी घरी यावं तर भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलेलं असायचं, नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर उघडलेला. चपलांचा तो आवाज ऐकून माझं डोकं उठायचं, आणि आवाज थांबला की मी हातातलं टाकून बघायला जायची.

हॉलमध्ये समुद्री माशांची टाकी होती. लेकीनं कॉलेजात असताना हट्टानं आणलेली. नोकरी लागून ती पुण्याला गेली तेव्हा टाकी कुणाला तरी देऊन टाकणार होती, पण ह्यांनी राहू दे म्हणून सांगितलं. आत दोन क्लाउनफिश होते, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक माझ्या बोटाएवढा, दुसरा त्याच्या जेमतेम निम्मा. मोठा तो नर, असं आम्ही धरून चाललो होतो. लेकीनं फोनवर सांगितलं की मोठी ती मादी. या जातीत सगळे आधी नर असतात, आणि जोडीत जो वरचढ ठरतो त्याची मादी होते. हे ऐकून आमचे हे म्हणाले की हितंबी तसंच हाय.

एका रविवारी टाकीची काच आतून पुसायला मी हात घातला तर मोठी मासळी माझ्या बोटावर धावून आली. चावा कसला, चिमटाही नव्हता तो, पण मी दचकून हात काढला. दोघंही कोपऱ्यात आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीपाशी घुटमळत होते. ह्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. कुंडीच्या आतल्या बाजूला केशरी ठिपके चिकटलेले होते, शेवग्याच्या बियांपेक्षाही कितीतरी बारीक, एकमेकांना लागून. त्या दिवशी घरात पहिल्यांदा चपलांचा आवाज झाला नाही. हे खुर्ची ओढून टाकीसमोर बसले ते जेवायलाही उठेनात. छोटा नर पंखांनी अंड्यांवर पाणी मारत होता. अधूनमधून तोंड लावून एखादं खराब अंडं उचलायचा.

आठवडाभरात अंडी काळपट झाली, मग त्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले. आणि एका सकाळी कुंडी रिकामी होती. आई-बापांनीच खाल्ली, असं ह्यांचं मत पडलं. लेक म्हणाली की तसं नाही बाबा, ती अंधार पडल्यावर फुटतात, पिल्लं फिल्टरमध्ये ओढली गेली असणार. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

ही जोडी दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते असं कळल्यावर ह्यांनी तयारीच मांडली. पिल्लांच्या तोंडात मावेल असं खाणं म्हणजे रोटिफर, नुसत्या डोळ्यांना धुळीसारखे दिसणारे जीव. ते मागवले एका कोकणातल्या पैदासवाल्याकडून. त्या रोटिफरना खायला हिरवं शेवाळाचं पाणी लागतं. ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, प्लास्टिकच्या बाटल्यांत, बुडबुडे सोडत उभं राहिलं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की आधी पिण्याचं भरायचं, मग सांडायचं-वापरायचं. आता त्यात तिसरं आलं, फिल्टरमधून गाळून समुद्राचं मीठ कालवायचं. बादल्या उचलायला ह्यांना डॉक्टरांची बंदी, म्हणून मीच उचलायची आणि उचलताना बोलायची. स्वयंपाकघराला बंदरासारखा वास यायला लागला होता. खालच्या मजल्यावरच्या अक्का, तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरातल्या, तळमजल्यावर त्यांचे यंत्रमाग चालतात, त्या एकदा साखर मागायला आल्या आणि बाटल्या बघून विचारलं की वैनी, हे औषध आहे का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या वेळेला पिल्लं निघाली, ह्यांनी ती वेगळ्या, चारी बाजूंनी काळा कागद लावलेल्या टाकीत घेतली. पापणीच्या केसाएवढी पिल्लं. पण रोज सकाळी तळाशी पांढरा गाळ दिसायचा, तो गाळ म्हणजे मेलेली पिल्लं. हे तो नळीनं काढत राहिले. शेवटी पाण्यात काहीच हलेना. चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटायचं ह्या माशांपायी ह्यांच्या काळजाला काही झालं तर मी कुणाला काय सांगणार. लेकीला मी चोरून फोन केला की टाकी घेऊन जा. ती म्हणाली, आई, त्यांना दुसरं काय आहे तिथं.

तिसऱ्या अंड्यांत चंदेरी डोळे दिसले त्या दिवशी मी शाळेतून आले तर दार नुसतं ओढलेलं होतं. हे नव्हते. जिन्याखाली मोटारसायकल नव्हती. चावीचा खिळा रिकामा. फोन लावला तर तो पलंगावर उशीखाली वाजला.

मी आधी औषधाच्या दुकानात जाऊन आले, मग बागेपर्यंत. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. घरी येऊन बसले, उठले, पुन्हा बसले. जेवण झाकून ठेवलं होतं ते तसंच. त्यांच्या ओळखीच्या तिघांना फोन केले, आवाज साधा ठेवून, सहज विचारतेय असं दाखवत. कुणाकडं नव्हते. मग अक्कांकडं गेले. त्यांनी माग बंद करायला लावले आणि वर येऊन माझ्याजवळ बसल्या. पोलिसांत जायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिवेलागणीपर्यंत थांबू वैनी, माणूस कंटाळलाय, जाऊन येईल.

दिवेलागण झाली. आणि मला टाकी दिसली. अंडी चमकत होती, आज फुटणार हे त्या डोळ्यांवरून मलाही कळत होतं, इतक्या वेळा मी ह्यांच्या खांद्यावरून बघितलेलं. काय करावं सुचेना. बसून राहिले असते तर वेड लागलं असतं. मी टाकीचा फिल्टर बंद केला, हॉलचे दिवे घालवले, खिडक्यांवर चादरी टाकल्या. अक्कांनी न विचारता दुसरं टोक धरलं. काळ्या टाकीत मोठ्या टाकीतलं पाणी भरून हिरवं पाणी आणि रोटिफर घातले, हवेची नळी अगदी मंद सोडली. ह्यांना करताना बघितलेलं सगळं हात आपोआप करत होते, कान मात्र जिन्याकडं होते. प्रत्येक गाडीच्या आवाजाला अक्का गॅलरीत जाऊन यायच्या आणि मान हलवायच्या.

अंधारात थोडा वेळ गेल्यावर मी टाकीच्या कोपऱ्यात टॉर्च धरली. आधी काहीच नव्हतं. मग उजेडात एक धागा वळवळला, मग दुसरा, मग उजेडाकडं सगळीकडून बारीक चमचमतं काहीतरी पोहत यायला लागलं. जाळीनं पिल्लू मरतं, म्हणून मी काचेचा पेला हळूच बुडवून पाण्यासकट पिल्लं उचलून काळ्या टाकीत सोडायला लागले. अक्का तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. हे उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. अक्का उठल्या, ह्यांच्याकडं एकदा बघितलं आणि खाली गेल्या.

"कुठं होतात?" मी पेला हातात धरूनच विचारलं.

"करकंबला निघालतो," हे म्हणाले. "मोहोळपर्यंत गेलो. दम लागला. गाडी तितं एका दुकानदाराकडं लावली, एसटीनं आलो."

मी पेला काळ्या टाकीत रिता केला. बोलले असते तर थांबले नसते.

"घरात बसून बसून मी मरंन असं वाटलं," हे म्हणाले.

"तुम्ही मेलात असं मला दुपारपासून वाटतंय," मी म्हणाले. "हात धुऊन या. टॉर्च धरा, माझा हात भरून आलाय."

त्यांनी हात धुतले आणि टॉर्च धरली. आम्ही कितीतरी वेळ एकमेकांकडं न बघता काम करत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून ह्यांना दवाखान्यात नेलं. काळजीचं काही नव्हतं. डॉक्टरांनी ह्यांना माझ्यासमोर झाडलं, ते मला फार बरं वाटलं.

या वेळी आम्ही दिवा मंद ठेवला, आणि पाणी इतकं हिरवं की तळ दिसू नये. आधीच्या खेपेला लख्ख उजेडात पिल्लांना खाणं सापडत नसावं, असं लेकीनं कुठंतरी वाचून कळवलं होतं. तरी तळाशी गाळ साचतच होता, पण वर हलणारंही काही शिल्लक असायचं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या मनात यायचं की वीज गेली असेल, पंप बंद पडला असेल. मधल्या सुट्टीत मी घरी फोन करायची. हे म्हणायचे, चाललंय की, शिकव तू.

आणि वीज गेलीच. एप्रिलातल्या भर दुपारी, घामानं माणूस निथळत असताना. बॅटरीचा छोटा पंप काही वेळ चालला आणि त्याचे बुडबुडे मंदावले. पाणी हाताला कोमट लागत होतं. मी पाणी गोठवलेल्या बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या, आणि हे ओल्या टॉवेलनं वरून वारा घालत होते. पिल्लं पृष्ठभागाला येऊन तोंडं हलवायला लागली. ह्यांचा चेहरा बघून मी टॉवेल ओढून घेतला. अक्कांकडं इन्व्हर्टर होता. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी लांबलचक वायर काढून ठेवली होती. ती जिन्यातून वर आणली, पंप लावला. संध्याकाळपर्यंत निम्मी पिल्लं गेली. उरलेल्यांवर हे तसेच डोळे लावून बसले.

चार-पाच दिवसांनी मी शाळेतून आले तर चपला काढू न देताच ह्यांनी मला टाकीकडं ओढलं. वरून वाकून बघायला लावलं. काळपट धाग्यांसारखी पिल्लं आता जरा गुटगुटीत, तांबूस झाली होती, आणि एकाच्या डोळ्यामागं खडूनं ओढल्यासारखा बारीक पांढरा पट्टा होता. दुसऱ्यालाही. बाकीच्यांना नव्हता अजून. मी अक्कांना हाक मारली. त्या येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढुशानं केवढं दमवलं हो तुमाला."

पट्टा आल्यावर पिल्लं फारशी मरत नाहीत. चाळीसेक जगली. थोडी मोठी झाल्यावर लेक आली आणि काही पिशव्यांत ऑक्सिजन भरून पुण्याला तिच्या मैत्रिणींसाठी घेऊन गेली, काही गावातल्या माशांच्या दुकानानं नेली. पिशव्या बांधताना ह्यांना गहिवरून वगैरे आलं नाही. उलट हायसं वाटल्यासारखे दिसले. पावसाळ्याच्या आधी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि हे पुन्हा कामाला लागले, मोटारसायकलनं नाही, एसटीनं, आठवड्यातून तीन दिवस. माशांची गोष्ट त्यांच्यापुरती तिथं संपली. जोडीनं पुन्हा अंडी घातली तेव्हा म्हणाले, आता पुरे की, घालू देत आणि खाऊ देत.

मला ते जमलं नाही. शाळेला सुट्टी होती, बाटल्यांतलं पाणी अजून हिरवं होतं. मी काळा कागद पुन्हा चिकटवला. रात्री कूस बदलताना पंपाचा आवाज ऐकायची, नसला ऐकू येत तर उठून बघायची, असला तरी बघायची. अक्कांनी वायर माझ्याकडंच ठेवून घ्यायला सांगितलं.

हे पहिल्यांदा करकंबला मुक्कामाला गेले, त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. शेतकऱ्याच्या विहिरीवर बसले होते, मागं मोटर चाललेली ऐकू येत होती. गोळी घेतली का, जेवलात का, मी विचारत होते.

"व्हय, घेतली," हे म्हणाले. "तिकडं वीज हाय का?"

मी टाकीसमोरच उभी होते. आहे म्हणून सांगितलं.