सातवा गडी

गुरुदत्तकाका मूळचे कोल्हापूरचे. विशीत ते आपल्या पेठेच्या तालमीकडून डाव्या बगलेला फुटबॉल खेळायचे. तिथे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही, पेठेचा फुटबॉल संघही तिचाच. एका तालमीच्या गड्यानं दुसरीचा शर्ट घालायचा नाही, हे काका आजही मानतात.

गाड्यांच्या ब्रेकवर काम करायला ते अमेरिकेत, नोव्हाय गावाला आले आणि ऑफिसातल्या आम्हा मराठी पोरांना जमवून त्यांनी संघ काढला. आधी स्वतः खेळायचे, गुडघा गेल्यावर मॅनेजर झाले. टीम निवडणं, गोलची जाळी बांधणं, मॅचनंतर आमचे शर्ट घरी नेऊन धुणं, सगळं तेच करायचे. "अख्खी टीम मशीनमध्ये घालतात," नीनाकाकू म्हणायच्या, "स्वतःचे मोजे तेवढे मला धुवायला ठेवतात."

हळूहळू संघ आटत गेला. कुणाला लेऑफ मिळाला, कुणी नोकरीमागे टेक्सासला गेलं, कुणाला जुळं झालं. जवळच्याच कँटन गावच्या मराठी संघाचा कॅप्टन जगन्नाथ दर सीझनला विचारायचा, "अबे, दोन्ही टीम एक करू ना." काका नाही म्हणायचे. आम्हाला खेळायचं होतं, पण त्यांच्यापुढे बोलायचं कुणी?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी कँटनशीच मॅच होती. आम्ही सहाच जण पोहोचलो. सातपेक्षा कमी असले तर मॅच होत नाही.

"दोघं देतो तुला," जगन्नाथ म्हणाला.

"आमच्यात उसना गडी घेत नाहीत."

"मग काय भूत खेळवतो?"

काकांनी गाडीच्या डिकीतून जुने बूट काढले.

"काका, गुडघा!" गोलकीपर शंतनू ओरडला.

"गुडघा माझा आहे. तू गोल बघ."

ते डाव्या बाजूला नुसते उभे राहिले. थोड्या वेळानं बॉल त्यांच्याकडे आला. कँटनचा बचावपटू धावत आला, काकांना बघून थांबला आणि त्यानं पाय मागे घेतला. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बॉल बाहेर मारला आणि रेफ्रीकडे हात वर केला. "बदली."

"आत कोण येतंय?" रेफ्रीनं विचारलं.

"कुणी नाही."

शंतनू धावत आला. "काका, तुम्ही गेलात तर मॅच संपली. टीमपण संपली, यार."

"जो पळत नाही त्याला बसवायचं. तुम्हाला इतकी वर्षं बसवलं, आता माझा नंबर." ते लंगडत जगन्नाथपाशी गेले. "ही पोरं घे तुझ्याकडे. शंतनूला उंच बॉल जमत नाही, आधीच सांगून ठेवतो."

जगन्नाथ म्हणाला, "तूपण ये ना. तुझ्या मापाचा शर्ट आहे."

"नको रे. माझं झालं."

बूट सोडायलाही त्यांना बराच वेळ लागला. कँटनवाल्यांनी आम्हाला द्यायला त्यांचे शर्ट आणले, तसे काका बाकावरून म्हणाले, "आपले इकडे टाका. धुवायचे आहेत."

गार वाऱ्यात आम्ही एकेक शर्ट काढून त्यांच्या पिशवीत टाकला.